मिनलचं आवतण

मिनल ओव्हाळ चाकणला पहिल्यांदा नोकरीला लागली, तेव्हा मशीनवर पोरगी उभी करायला तिथे कोणी तयार नव्हतं. मेकॅनिकलचा डिप्लोमा होता, मार्क चांगले होते. सुपरवायझर म्हणाला, "हिला कॉम्प्युटरवर बसवा, प्रोग्रॅम करू दे." झालं, मिनल प्रोग्रॅमवाली झाली.

सीएनसी मशीन सांगितलेलं तेवढंच करते. कुठलं टूल कुठे न्यायचं, किती खोल कापायचं, हे सगळं ओळीओळीनं लिहून द्यायचं, मग मशीन मुकाट तसं करत जाते. मधे एखादा आकडा चुकला, तर टूल सरळ जाऊन चकवर आदळतं. चक म्हणजे जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, घट्ट धरून गरागरा फिरणारा लोखंडी पंजा. त्यावर टूल आदळलं की काय होतं, हे मिनलला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. तिचे वडील धोंडीबा पिंपरीच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. कारखाना बंद पडला, पण त्यांचं बोलणं काही लेथवरून उतरलं नाही. काळेवाडीच्या त्या दोन खोल्यांत जेवताना ताटावर बसूनसुद्धा ते भाकरीचा तुकडा फिरवून दाखवत, "हे असं फिरतंय, आणि तू हात घातलास की संपलं."

कंपनीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर गोरक्ष बसायचा. चाकणजवळच्याच एका गावचा. वडलांची जमीन कारखान्यांत गेलेली आणि पोरगा त्याच कारखान्यांपैकी एकात नोकरीला. हुशार, तोंडाचा फटकळ. एकदा मिनलच्या देखत मशीन आदळली, मोठं नुकसान झालं, आणि दोष ऑपरेटरच्या माथी मारून साहेब मोकळे झाले. प्रोग्रॅममधला चुकीचा आकडा ऑपरेटरनं लिहिलेला नव्हता. त्या दिवसापासून मिनलच्या डोक्यात किडा शिरला. मशीनवर चढवण्याआधीच प्रोग्रॅम वाचून 'इथे टूल धडकेल' असं सांगणारं काहीतरी पाहिजे. महागडी सॉफ्टवेअरं होती, पण ती मोठ्या कंपन्यांना. चिखलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका मशीनवर संसार चालवणाऱ्याला ती कुठली परवडणार?

तिनं आणि गोरक्षनं सुट्टीच्या दिवशी बसून ते लिहून काढलं. नाव ठेवलं 'पारख'. आणि ते इंटरनेटवर उघडं ठेवलं. कुणीही घ्यावं, वापरावं, आतला कोड वाचावा, सुधारावा. चिखली-तळवड्याच्या वर्कशॉपवाल्यांनी घेतलं. मग कोइमतूर, राजकोट. मग कुठल्या कुठल्या देशांतली माणसं इंग्रजीत प्रश्न विचारू लागली.

ज्यानं हे काम केलेलं नाही, त्याला वाटतं की फुकट दिलं म्हणजे विषय संपला. तिथूनच तो सुरू होतो. आमच्या मशीनवर चालत नाही. हे बटण कुठे गेलं? तुमच्या सॉफ्टवेअरमुळे आमचा वेळ गेला. दिवसभर कंपनीचं काम, आणि डब्याच्या वेळेत, कंपनीच्या बसमध्ये, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर मिनल मोबाइलवर ही उत्तरं देत बसायची. गोरक्षनं मधे दुसरी नोकरी धरली, लग्न केलं, त्याचा वेळ आटत गेला. मिनलचं लग्न जमलं नाही, म्हणून तिच्याकडे वेळच वेळ आहे असं सगळ्यांनी धरलं. त्यात ती स्वतःही होती. उजवं मनगट ठणकायला लागलं. एकदा तिनं ब्राझीलच्या कुणा माणसाला असं तिखट उत्तर लिहिलं, की पाठवल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं.

"माणसं वाढवायला पाहिजेत," ती गोरक्षला फोनवर म्हणाली. "नवीन लोकांना बोलावू. शिकवू. आपल्याच्यानं आता होत नाही."

"हे काय हळदीकुंकू आहे का, या बसा म्हणायला?" गोरक्ष म्हणाला. "एका नवख्याचं काम निस्तरायला दुप्पट वेळ जातो."

"तू पण नवखाच होतास."

"मी माझ्या मशीनचं वाटोळं करत होतो. दुसऱ्याच्या नाही."

पण मिनलनं ऐकलं नाही. पारखच्या पानावर तिनं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं, की नवीन असाल तर जरूर या, काही येत नसेल तरी चालेल, सोपी कामं वेगळी काढून ठेवली आहेत, विचारायला लाजू नका. काळेवाडीच्या विहारात वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांच्या पोरांची अभ्यासिका होती. रविवारी सकाळी ती रिकामी असायची. धोंडीबांनी समितीत शब्द टाकला आणि ती खोली मिळाली.

पहिल्या रविवारी आकुर्डीच्या कॉलेजची काही पोरं आली. त्यांना सर्टिफिकेट मिळेल का, एवढंच पाहिजे होतं. ते मिळणार नाही म्हटल्यावर पुढच्या खेपेला निम्मी गळाली. त्या पोरांखेरीज टिकून राहिली ती पुनम.

पुनम खेडकडच्या शेतकरी घरातली. इंजिनियर झालेली, पण लग्न होऊन चिखलीत आली, मुलगी झाली, आणि नोकरी जी सुटली ती सुटलीच. मुलाखतीला गेली की मधली रिकामी वर्षं आधी विचारत. मुलीला नवऱ्याकडे ठेवून ती रविवारी यायची, कोपऱ्यात बसायची. पहिले काही रविवार बोललीच नाही. मग एकदा म्हणाली, "ताई, हे जे इशारे येतात ना इंग्रजीत, ते आमच्या गल्लीतल्या ऑपरेटरांना कळत नाहीत. ते नुसतं ओके दाबतात."

"मग तूच बदल ना," मिनल म्हणाली.

पुनमनं सगळे इशारे साध्या मराठीत आणले. 'टूल चकला धडकेल.' 'जॉब सुटू शकतो.' मिनलनं ते वाचलं आणि तिला एवढा आनंद झाला, की तिनं आईला बोलावून दाखवलं. चतुराबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, तुला जोडीदारीण मिळाली."

पुनम खुलली. तिच्या गल्लीत सोपानरावांचं वर्कशॉप होतं, दोन सीएनसी लेथ, पुढे शटर. तिनं स्वतः जाऊन तिथे पारख बसवून दिलं. तिथला ऑपरेटर ज्ञानेश तिच्याच माहेरच्या गावाकडचा, आईबरोबर तिथेच जवळ राहणारा. त्याला ती म्हणाली, "हे आमचं सॉफ्टवेअर आहे बरं का." 'आमचं' म्हणताना किती भारी वाटलं, हे तिनं मिनलला हसत हसत सांगितलं होतं.

ज्ञानेशनंच तिला एक तक्रार सांगितली. काही इशारे फुकटचे येतात. मशीनवर वेगळी पकड लावली की पारख घाबरतं आणि धडकेल धडकेल म्हणून ओरडत राहतं, खरं तर काही धडकत नाही. पुनमनं डोकं चालवलं आणि इशाऱ्याखाली एक बटण दिलं, 'हे माहीत आहे, पुन्हा दाखवू नका.' तिचा पहिला खराखुरा कोड. तिनं तो तपासायला पाठवला, तेव्हा मिनल बसमध्ये होती. दिवसभराच्या मीटिंगांनी डोकं उठलेलं. मोबाइलच्या स्क्रीनवर तिनं अंगठ्यानं वर खाली सरकवलं, नाव पाहिलं, पुनमचं, आणि लिहिलं, 'वा! छान. स्वागत आहे.' आणि मंजूर केलं.

त्यानंतर काही आठवडे सगळं सुरळीत होतं.

पुनमचा फोन आला तेव्हा मिनल कंपनीच्या कँटीनमध्ये होती. "ताई, ज्ञानेशला लागलंय. मशीन आदळली. तुकडा उडून हातावर बसला. खूप लागलंय ताई."

"पारख लावलं होतं का?"

"लावलं होतं. काही दाखवलं नाही म्हणतात. सगळं ठीक म्हणालं म्हणून चालू केलं."

मिनल ताट तसंच ठेवून जागेवर आली. सोपानरावांच्या पोरानं तो प्रोग्रॅम मोबाइलवर पाठवला. तिनं तो तिच्या कॉम्प्युटरवर पारखमध्ये टाकला. तिथे इशारा आला. लालभडक, 'टूल चकला धडकेल.' मग ज्ञानेशला का आला नाही? तिनं पुनमचा कोड उघडला आणि पहिल्यांदा सावकाश, एकेक ओळ करत वाचला.

ज्ञानेशनं काही आठवड्यांपूर्वी एका निरुपद्रवी इशाऱ्याखाली ते बटण दाबलं होतं. पारखनं तो इशारा लक्षात ठेवला, पण नुसता त्याच्या शब्दांवरून. कुठल्या टूलचा, कुठल्या प्रोग्रॅममधला, हे लक्षातच ठेवलं नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी वेगळ्याच टूलचा, खराखुरा, तोच इशारा आला, तेव्हा पारखला वाटलं, हे तर यांना माहीत आहे. आणि ते गप्प बसलं.

चूक मोठी अवघड नव्हती. जागेवर बसून, पाच मिनिटं मन लावून वाचलं असतं तर मिनलला नक्की दिसली असती. हेच तिला सहन होईना. पुनम नवखी होती, तिच्याकडून अशी चूक होणारच, म्हणून तर तपासायला दुसरं माणूस असतं. ते माणूस मिनल होती. आणि मिनलनं कोड वाचलाच नव्हता. नाव वाचलं होतं, आणि कौतुक केलं होतं.

त्याच दुपारी तिनं ते बटण काढून टाकलं आणि सगळ्यांना ताबडतोब नवीन आवृत्ती घ्या म्हणून कळवलं. संध्याकाळी गोरक्षचा फोन आला.

"दार उघडं ठेवून मशीन चालवत होते, माहितीये ना तुला?" तो म्हणाला. खरं होतं ते. मशीनचं दार उघडं असेल तर ती चालू होत नाही, पण वेळ वाचतो म्हणून सोपानरावांनी तो स्विच केव्हाच बांधून टाकला होता. तसं बरेच जण करतात. "दार बंद असतं तर उडालेला तुकडा आतच राहिला असता. आपला काय संबंध? आणि पारखच्या परवान्यात स्पष्ट लिहिलंय, वापरणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर वापरावं."

"गोरक्ष, आपण 'ठीक आहे' म्हणालो त्याला."

"आपण नाही. तुझी ती पुनम म्हणाली. मी तुला सांगितलं होतं. आता लिहून टाक, नवख्या माणसाचा कोड होता, काढलाय, यापुढे बाहेरच्यांचं काही घेणार नाही. विषय संपव."

"आधी म्हणतोस आपला संबंध नाही, मग म्हणतोस पुनमचा दोष. एक काहीतरी ठरव."

"मी पारख वाचवायला बघतोय, राव!"

मिनलनं फोन ठेवला. मग झाला प्रकार तिनं स्वतः लिहिला. बटण काय होतं, कुठे चुकलं, आणि त्यात हे, की 'हा बदल मी, मिनल ओव्हाळनं, नीट न वाचता मंजूर केला. पारखनं सांगितलं तेच ऑपरेटरनं केलं, त्याची चूक नाही.' पुनमचं नाव तिनं कुठेही घेतलं नाही. पण उघड्यावरच्या कामात नाव झाकून राहत नाही. कुठली ओळ कुणी लिहिली ते तिथेच नोंदलेलं असतं, आणि ज्यांना शोधायचं होतं त्यांनी शोधलं. 'म्हणूनच हौशी लोकांच्या हाती असलं काम देऊ नये,' एकानं लिहिलं. दुसऱ्यानं त्याहून वाईट लिहिलं, बाई म्हणून. मिनल ते पुसत राहिली, पण पुसण्याआधी पुनमनं वाचलेलं होतं. दोन दिवसांत तिनं आपलं खातंच बंद केलं. फोनही उचलेना.

घरी वेगळंच महाभारत. चतुराबाई म्हणत होत्या, "तू तिकडे जाऊ नकोस. त्याचे नातेवाईक अंगावर येतील. तू काय त्याला मशीनवर ढकललंस?" धोंडीबा खाटेवर बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "आमच्या कारखान्यात माणसाला लागलं, की साहेब लोक दवाखान्यात यायचे नाहीत. माणूस बघायचा वाट." मग त्यांनी तोंड फिरवलं. मिनलला त्यांचाही राग आला. जा म्हणायचं तर सरळ जा म्हणावं.

ती गेली. ज्ञानेशला पिंपरीत एका दवाखान्यात ठेवलं होतं. बाहेरच्या बाकड्यावर त्याची आई सरुबाई बसलेली, डोक्यावर पदर, मांडीवर डब्याची पिशवी. मिनलनं आपण कोण ते सांगितलं. सरुबाईंनी तिला वरून खालपर्यंत पाहिलं.

"म्हंजी त्या कांपुटरमंदलं ते तुमी केलंय?"

"व्हय," मिनलच्या तोंडून तेच निघालं.

"पुनम म्हनायची, लई चांगलं हाय, फुकट हाय. आमच्या गावची पोर, म्हनून माज्या पोरानं इस्वास ठिवला." सरुबाईंचा आवाज चढला नाही, ते जास्त जड गेलं. "तुमी फुकट देता, म्हनून जिम्मेदारी पन फुकटच का वो बाई?"

मिनल बाकड्याच्या टोकाला बसली. आतून नर्सनं हाक मारली, तेव्हा सरुबाई उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "आता आलाच हायसा तर त्याला भेटा. त्यो इचारत होता."

ज्ञानेशच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं. तो तिला 'मॅडम' म्हणाला, आणि उठून बसायला लागला.

"मॅडम, एक विचारू? सोपानराव म्हणतात, बटण तूच दाबलं होतंस, मग दोष तुझाच. तसं आहे का?"

त्यानं हे अगदी साधेपणानं विचारलं. हात जातो की राहतो हे माहीत नसलेला माणूस आधी दोष कुणाचा ते विचारत होता.

"नाही," ती म्हणाली. "ते बटण दाबण्यासाठीच दिलं होतं. ते चुकीचं होतं. आणि चुकीचं आहे हे बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही."

"हे तुम्ही सोपानरावांना सांगाल?"

"सांगते."

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून ती चिखलीला गेली. सोपानराव वाईट माणूस नव्हता. घाबरलेला माणूस होता. शटर अर्धं खाली ओढून तो आत बसला होता, आणि आदळलेली मशीन ताडपत्री टाकून झाकली होती. मिनलनं नेटवर लिहिलेलं छापून आणलं होतं, ते त्याच्यापुढे ठेवलं.

"ज्ञानेशचा दोष नाही, हे यात माझ्या नावानिशी लिहिलंय. तुम्ही त्याला कामावरून काढणार असाल, तर हे कुणालाही दाखवायला मी तयार आहे."

"म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर खोटं बोलतं, आणि वर तुम्ही मला दम देता?"

"सॉफ्टवेअर खोटं बोललं. आणि दाराचा स्विच तुम्ही बांधलेला होता. मी दोन्ही बोलायला आलेय."

सोपानराव उठून उभा राहिला. मिनलला वाटलं, आता हा अंगावर येतो. पण तो ताडपत्रीपाशी गेला, तिचं एक टोक उगाच नीट केलं, आणि पाठमोराच म्हणाला, "सगळेच बांधतात हो." थोड्या वेळानं म्हणाला, "पोराला मी काढत नाही. पण तुमचं ते पारख माझ्या शॉपमध्ये नको. आजच काढून टाकलंय."

तिथून थोडं पुढे, त्याच गल्लीत पुनमचं घर. दार तिच्या नवऱ्यानं उघडलं, नाइलाजानं आत घेतलं. पुनम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, डोळे सुजलेले.

"ताई, मला परत बोलवायला आला असाल तर नका."

"तुला सांगायला आलेय, की ती चूक माझी आहे."

"ती ओळ मी लिहिली."

"मी वाचली नाही."

"हो, वाचली नाहीत!" पुनम एकदम फुटली. "तुम्ही 'छान' लिहिलंत. मी ते घरात सगळ्यांना दाखवलं. सासूबाईंना दाखवलं. मला वाटलं, यांनी तपासलंय, म्हणजे आपल्याला खरंच येतंय. तुम्ही रागावला असता, दहा चुका काढल्या असत्या, परत पाठवलं असतं, तर मला वाईट वाटलं असतं, एवढंच ना? आता मी दुकानात जाते, तर सरुकाकूंचं दार मधे लागतं. मी मागच्या गल्लीनं जाते."

मिनलनं मान खाली घातली. पुनमच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. नवीन माणसं दुखावू नयेत, पळून जाऊ नयेत म्हणून आपण गोड बोलत राहिलो. हे कुणी तोंडावर म्हणेपर्यंत तिला नीट दिसलं नव्हतं. थकवा होता, बस होती, ठणकणारं मनगट होतं, पण मुळात तिला माणसं हवी होती. इतकी हवी होती, की ती काय लिहितात हे बघायचं राहून गेलं.

"चहा घ्या," पुनमचा नवरा मधेच म्हणाला. कुणी घेतला नाही.

विहारातले रविवार बंद पडले. मिनलनं पानावरचं आवतण काढलं नाही, पण कुणी आलं तर ती उत्तर द्यायला टाळाटाळ करू लागली. सोप्या कामांची यादी तशीच पडून राहिली. कोड मंजूर करताना तिचा हात थांबायचा. एकच बदल पुन्हा पुन्हा वाचायची, झोपायला जाऊन उठायची, आणि तरी धीर व्हायचा नाही. तक्रारी साठत गेल्या. गोरक्षनं एक दिवस लांबलचक मेल पाठवून कळवलं, की तो पारखची वेगळी प्रत काढतोय, ठरावीक जाणत्या लोकांपुरती. 'राग मानू नकोस,' शेवटी लिहिलं होतं. तिला राग आला नाही. ज्याच्या शेजारी बसून पहिली ओळ लिहिली, तो माणूस गेल्यावर जे होतं ते झालं. ती त्या दिवशी कंपनीत गेली नाही.

ज्ञानेशच्या हातावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. हात राहिला. दोन बोटं वळेनात. सोपानरावानं त्याला माल पाठवण्याच्या कामावर घेतलं. मिनल अधूनमधून फोन करायची. एकदा तिनं विचारलं, की इशारे कसे असावेत, ते तुझ्याकडून समजून घ्यायचंय, रविवारी येशील का? तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आलात, बोललात, ते मी विसरत नाही. पण त्या पारखचं नाव माझ्यापुढे काढू नका." तिनं पुन्हा काढलं नाही.

एवढं झाल्यावर पारख सोडून द्यावं, असं तिला किती वेळा वाटलं. पण सोडलं म्हणजे ते थांबत नव्हतं. शेकडो वर्कशॉपांत ते चालूच होतं, तिनं पाहिलं नाही तर कुणीच न पाहता चालू राहिलं असतं. एकट्यानं ते झेपत नाही, हे तर आता पुरतं सिद्ध झालं होतं. म्हणजे माणसं बोलवायलाच हवी होती. फक्त आधीसारखी नाही.

तिनं पानावरचा मजकूर बदलला. नवीन असाल तर या, हे ठेवलं. त्याखाली ज्ञानेशचा प्रसंग लिहिला, त्याला विचारून, त्याचं नाव न घेता. मग लिहिलं, की इथे प्रत्येक बदल दोन माणसं वाचतील, वाचून झाल्याशिवाय कौतुक होणार नाही, तुमचा कोड परत येईल, कदाचित बऱ्याचदा येईल. आणि पहिला बदल पाठवण्याआधी एकदा तरी चालू मशीनसमोर उभं राहून या.

विहारात पुन्हा रविवार सुरू झाले तेव्हा पाच-सहा जण आले. मिनलनं उभं राहून झाला प्रकार पहिल्यापासून सांगितला. पोरं एकमेकांकडे बघत होती. पुनम आत आलेली तिला दिसलीच नाही. ती जिन्याच्या तोंडाशी चपला काढत थांबली होती, आणि मिनल 'एका नवीन सभासदानं एक बटण लिहिलं' असं म्हणाली, तेव्हा तिथूनच म्हणाली, "मी लिहिलं होतं."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. पुनम आत येऊन भिंतीशी बसली. तिनं ओढणी मुठीत घट्ट धरली.

नंतर सगळे गेल्यावर ती मिनलला म्हणाली, "मी लिहिणार नाही. पण ते दुसरं माणूस पाहिजे म्हणालात ना, वाचायला. ते मी होईन."

"सरुबाई?"

"त्या बोलत नाहीत. मी समोरच्या गल्लीनं जायला लागलेय, एवढंच."

पुनम वाचू लागली, आणि तिच्याइतकं कडक कुणी वाचत नसे. हे कशासाठी? इथे दोन टूल असतील तर? माणसानं चुकून दोनदा दाबलं तर? पोरं तिला वचकून असत. त्यातली काही त्या धाकानंच गेली. मिनलला कधी कधी वाटायचं, हे फार होतंय, मधे पडावं. कधी पडायची, कधी नाही. नेमकं किती गोड आणि किती कडक, हे तिला आजही ठरवता आलेलं नाही.

गेल्या महिन्यात सोनल नावाची मुलगी आली, आकुर्डीला शेवटच्या वर्षाला आहे. तिचा पहिला बदल पुनमनं तीनदा परत पाठवला. चौथ्या खेपेलाही तो परत आला, तेव्हा सोनलचे डोळे भरून आले, तिनं लॅपटॉप मिटला, आणि "मला वाटतं, मला हे जमणार नाही," म्हणून ती उठली. मिनल तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेली. तोंडात समजुतीचे कितीतरी शब्द आले होते. ती एवढंच म्हणाली, "तुझा बदल चांगला आहे की नाही, ते मला अजून माहीत नाही. पण पुनमताईंनी तो चारदा वाचलाय. त्या सगळ्यांचा चारदा वाचत नाहीत."

सोनल खाली उतरून गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. पुनमनं त्या दिवशी कुणाचाच कोड परत पाठवला नाही, म्हणून मिनलनं तिच्याकडचे दोन बदल स्वतः परत पाठवले. त्याच्या पुढच्या रविवारी दोघी अभ्यासिकेचं कुलूप काढत होत्या, तेव्हा सोनल पायऱ्या चढून वर आली. तिनं शनिवारी एका वर्कशॉपमध्ये उभं राहून मशीन पाहिली होती. "तुम्ही म्हणता ते दोन टूलांचं," ती पुनमला म्हणाली, मिनलकडे न बघता, "ते मला आता कळलं. पण तिसरंच एक काहीतरी चुकतंय, ते तुम्हालाही दिसलेलं नाही."

पुनमनं दार ढकललं आणि म्हणाली, "दाखव."